विशेष खुणा : निरंक

जुनी गाडी विकायला उभी दिसली, की माझा हात अजून आपोआप तिच्या डिकीकडे जातो. बायको म्हणते, "अहो, आपल्याला घ्यायची नाहीये, चला पुढे." तिचं बरोबर आहे. पण एका पांढऱ्या गाडीच्या डिकीनं मला जे शिकवलं, ते प्रशिक्षण शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, आणि निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी ते डोक्यातून जात नाही.

त्या वेळी मी मध्य मुंबईतल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यातली काही अजून भेटतात आणि भेटल्यावर चहा पाजतात. राहायला नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये. माझे वडीलही पोलीस शिपाई, त्यामुळे लहानपणापासून तिथलाच. आईचे गुडघे तेव्हा पार गेले होते. तिची धाकटी बहीण गिरगावात, आणि आईचा एकच धोशा, "मला एकदा तिच्याकडे ने." टॅक्सीत चढता-उतरताना तिला ब्रह्मांड आठवायचं. म्हणून मी ठरवलं, एक जुनी पण धडधाकट, जरा उंच बांधणीची गाडी घ्यायची.

परळला एक एजंट होता. गोड बोलणारा, हातात सोन्याचं कडं, बोलताना दर वाक्याला "साहेब". त्यानं एक पांढरी गाडी दाखवली. म्हणाला, "एका डॉक्टरची आहे साहेब. एक हाती. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. गाडीत कधी अंडंसुद्धा गेलं नाही." मी पोलिसी थाटात कागद तपासले. आरसी बुक, विमा, पीयूसी, सगळं जागच्या जागी. बॉनेट उघडून चासी नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला, जुळला. परिवहन कार्यालयातल्या ओळखीच्या कारकुनाला फोन केला, त्यानंही सांगितलं की गाडी रेकॉर्डवर आहे, कुठं चोरीची नोंद नाही. मी खूश झालो. आपण पोलीस आहोत, आपल्याला कोण फसवणार, ही त्या खुशीमागची खरी गोष्ट होती.

तरी आई म्हणाली, "लालबागच्या काकांना दाखव आधी." हे काका म्हणजे वडिलांचे कबड्डीच्या मैदानातले दोस्त. गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाली तरी हात थांबले नव्हते. चाळीतला मिक्सर, पाण्याचा पंप, कुणाची स्कूटर, सगळं त्यांच्याकडे यायचं. मूळचे मालवणकडचे, लहानपण खाडीकाठी गेलेलं. माझ्या खांद्यावर स्टार लागले तरी त्यांनी मला 'साहेब' म्हटलं नाही. त्यांच्यासाठी मी 'झील'च राहिलो, म्हणजे मुलगा.

रविवारी सकाळी एजंट गाडी घेऊन क्वार्टर्सच्या आवारात आला. काका पायजमा-सदऱ्यात, खांद्यावर जुनं फडकं, पिशवीत दोन पाने, एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि घासलेटची बाटली. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आसा," मला म्हणाले. "येवच्या आधी तासभर चालू ठेवल्यानी. थंड इंजिन कसा उठता, ता बघूक नको म्हणान."

"परळहून चालवतच आणली ना काका," मी म्हटलं.

"परळ खंय आणि नायगाव खंय! पाच मिनटांत इतकी तापता?"

इथंच मला काहीतरी टोचायला हवं होतं. पण मनात गाडी बसली होती, आणि मनात बसलेल्या वस्तूचे दोष माणसाला दिसत नाहीत. ग्राहकाचं हे असतं, तसंच तपास अधिकाऱ्याचंही असतं.

काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गिरणीत मागाचा आवाज असाच ऐकायचे म्हणे. मग धुराड्यापुढे फडकं धरून काळं किती पडतं ते पाहिलं. दारांवर बोटाच्या पेरांनी टकटक केली, कलिंगड घेताना करतात तशी. इंजिनाला बरे गुण दिले. मग गाडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"एवढा अत्तर कित्याक मारल्यानी?"

खरंच आत मोगऱ्याच्या वासानं घुसमटायला होत होतं. एजंट हसला. "डॉक्टरांना शौक होता काका."

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वास लपवतत, म्हणजे वास आसा."

मग त्यांनी डिकी उघडली. वरचा गालिचा नवा कोरा. तो उचलला, खालची फळी काढली. त्याखाली जादा चाक, मधोमध एका नटानं आवळलेलं. नट गंजून जाम. एजंट लगबगीनं पुढे झाला, "ते राहू द्या काका, जाम आहे, गॅरेजमध्ये काढून देतो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नटावर घासलेट सोडलं, खिशातून तंबाखू काढली, मळली आणि पायरीवर बसून माझ्या आईशी गजाली मारत राहिले. पंधरा मिनिटांनी उठले आणि पाना लावला. नट कुरकुरत फिरला. "जो नट कोणी फिरवूक नाय, तेच्याच खाली गाडी खरा बोलता," ते म्हणाले. तेवढ्यात एजंटचा फोन वाजला आणि तो गेटापाशी जाऊन बोलू लागला.

चाक बाहेर आलं. काका वाकले आणि तसेच वाकून राहिले. मग बोटानं मला बोलावलं.

चाकाखालच्या खळग्यात पत्र्याला निळा रंग होता. जाड, ब्रशनं दिलेला, त्यावर ब्रशचे फराटे. उजव्या कोपऱ्यात मात्र निळ्याऐवजी लाल. आणि कडेच्या फटीत दोन-चार पारदर्शक चकत्या चिकटलेल्या, नखाएवढ्या.

"हो रंग गाडयेचो न्हय, झिला," काका म्हणाले. "हो होडयेचो रंग. खाऱ्या पाण्यान पत्रो खावचो नाय म्हणान कोणीतरी हातान लावलेलो. आणि ही खवळां. तुझ्या डॉक्टरान हेच्यातसून मासे व्हायल्यान."

काकांचं हे बोलणं ऐकून मी पुन्हा त्या निळ्या पत्र्याकडे वाकलो. कारण 'डिकीला होडीचा रंग' हे शब्द मी आधी ऐकले होते. माझ्याच टेबलासमोर.

त्याच्या दीडेक वर्ष आधीची गोष्ट. दादरच्या मासळी बाजारात बसणारी, वरळी कोळीवाड्यातली एक मावशी ठाण्यात आली होती. बाजाराबाहेर सकाळी उभी केलेली तिची पांढरी गाडी चोरीला गेली होती. पाटी घेऊन उभं राहिलं की टॅक्सीवाले मान फिरवतात, म्हणून नवऱ्यानं ती गाडी घेतली होती. भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि थेट बाजार गाठायचा. नवरा नंतर वारला. मग भाचा गाडी चालवू लागला. विमा पूर्ण नव्हता, म्हणजे गाडी गेली की सगळं गेलं.

मी फिर्याद लिहून घेत होतो. बाकावर तीन माणसं ताटकळत होती, वरून बंदोबस्ताचा फोन आला होता. मावशी सांगत होती, "माज्या घोवानी डिकीन होरीचा रंग लावलाय रं साहेबा. आपल्या हातानी. बरफाचा पानी गलतो ना, पत्रा सरतो. निला हाय, पन कोपऱ्यान..."

मी तिला तोडलं. "मावशी, गाडीचा रंग पांढरा ना? बस. नंबर सांगा."

चोरीच्या मालाच्या वर्णनात मेक, मॉडेल, रंग, इंजिन नंबर, चासी नंबर असे रकाने असतात. शेवटचा रकाना असतो विशेष खुणांचा. तिथं मी लिहिलं, 'निरंक'. आमच्या खात्याचा हा फार लाडका शब्द. काही नाही, शून्य, पुढे चला.

त्यानंतर मावशी दर सोमवारी दुपारी ठाण्यात यायची. सोमवारी निम्मी मुंबई उपास करते, मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून सोमवार. बाकाच्या टोकाला बसायची. ठाणे अंमलदार नाकाला रुमाल लावायचा, तिला ते दिसायचं. मी दिसलो की एकच प्रश्न, "माजी गारी गावली का रं?" 'ड'चा 'र' करून बोलायची त्यांची रीत. आणि मी म्हणायचो, "तपास चालू आहे मावशी." तपास म्हणजे काय, बिनतारी संदेश गेला होता, दोन पार्किंग तपासली होती, एका सराईताला विचारलं होतं. काही महिन्यांनी मी 'अ' समरीसाठी अहवाल पाठवला. गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही, असा त्याचा अर्थ. कोर्टानं मंजूर केला. पुढच्या सोमवारी मावशीला सांगितलं, "आता येऊ नका. सापडली तर आम्हीच कळवू."

ती म्हणाली, "बरा." पदर सारखा करून उठली आणि गेली. परत कधी आली नाही. खरं सांगतो, मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि आता तीच गाडी माझ्या क्वार्टर्सच्या आवारात उभी होती, आणि मी तिच्यातून आईला गिरगावात नेणार होतो.

एजंट गेटापाशी अजून फोनवर होता. माझ्या मनात त्या दोन मिनिटांत काय काय आलं, तेही सांगून टाकतो. 'गाडी पसंत नाही' एवढं म्हटलं असतं तर तो निघून गेला असता. माझी समरी फायलीत सुखानं झोपली असती. चोरीची गाडी घ्यायला निघालेला पोलीस म्हणून ठाण्यात हसं झालं नसतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मावशीचं काही ठाऊक नव्हतं, पण माणूस कुठं अडलाय ते त्यांना बरोबर कळायचं.

"बापूस तुझो खेळताना रेषेवरसून कधी मागे फिरूक नाय," एवढंच म्हणाले आणि हात पुसू लागले.

मी गेटावरच्या शिपायाला खूण केली, गाडी आणि एजंट दोघंही हलू द्यायचे नाहीत. घरात जाऊन सीनियर साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, 'निरंक'सकट. मग साहेब म्हणाले, "म्हणजे समरी तुझी, आणि गिऱ्हाईकही तूच? शाबास. स्टेशन डायरीला नोंद घे. तपास दुसरा अधिकारी करेल, तू बाजूला बसायचं. आणि तोंड बंद ठेवायचं." मला ते बोलणं लागलं, पण त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

पंच बोलावून गाडीचा पंचनामा झाला. काकांनी आता मोठ्या उत्साहानं बॉनेटखालचा पत्रा फडक्यानं घासून दाखवला. नंबर कोरलेला तुकडा चौकोनी कापून दुसऱ्या गाडीतून आणून बसवलेला होता, झाळ, म्हणजे वेल्डिंगचा सांधा, घासून वर रंग मारलेला. मी नंबर वाचला होता, पत्रा वाचला नव्हता. प्रकार असा होता की, अपघातात भंगार झालेली गाडी कागदांसकट विकत घ्यायची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि भंगाराचा नंबर तिच्या अंगावर चढवायचा. मुंबईत पांढऱ्या गाडीला तोटा नाही. कागद शंभर टक्के खरे, गाडी शंभर टक्के चोरीची.

चौकशीत एजंट पहिले दोन तास डगमगला नाही. डॉक्टरांचं वर्णनच वर्णन. डॉक्टर सज्जन, डॉक्टर देवभक्त, डॉक्टरांच्या पत्नीला गाडीत चपला घातलेल्या चालत नसत. माझा अनुभव असा, की खरं बोलणारा माणूस अडखळतो, आठवून आठवून सांगतो, मध्येच 'नक्की ठाऊक नाही' म्हणतो. खोटं बोलणाऱ्याला सगळं पाठ असतं. माझा सहकारी शांत होता. त्यानं विचारलं, "डॉक्टर मासे खायचे?"

"शिव शिव! शुद्ध शाकाहारी साहेब."

"गाडी दुसऱ्या कुणाला द्यायचे?"

"चावीसुद्धा नाही."

सहकाऱ्यानं हे शब्दशः लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि मग एक पांढरा कागद उलगडून टेबलावर ठेवला. त्यावर ती खवलं होती. ट्यूबच्या उजेडात चमकत होती.

एजंटनं खवलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पाणी मागितलं. आरोपीनं पाणी मागितलं की आमचं निम्मं काम होतं. तो म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं, चाक काढून धुवा म्हणून. नट फिरेना, तर तसंच ठेवलं आळशांनी." घोडपदेवकडच्या एका बंद गाळ्यात पत्रा कापणारा आणि झाळणारा असे दोघं संध्याकाळच्या आत मिळाले. एका नटाचा आळस त्यांना भोवला. अर्थात आळसाबद्दल बोलण्याचा मला फारसा अधिकार नव्हता.

इंजिनचा नंबर घासून नवा ठोकलेला होता. काही दिवसांनी प्रयोगशाळेत त्यावर रसायन लावलं, तर खालचे काही जुने आकडे वर आले, सगळे नाही. आले तेवढे मावशीच्या गाडीशी जुळत होते. कोर्टात तेवढ्यावर भागेल याची खात्री नव्हती. आता सगळं तिच्या ओळखण्यावर होतं. आणि तिचं म्हणणं कागदावर कुठंच नव्हतं, माझ्यामुळे.

तिला आणायला शिपाई पाठवावा असं ठरत होतं. मी म्हटलं, मी जातो. सोमवार होता, म्हणून कोळीवाड्यातल्या घरीच सापडली. ओट्यावर बसून जाळं सांधत होती. केस जास्त पांढरे झाले होते. मला बघून उठली नाही.

"मावशी, एक गाडी सापडली आहे," मी म्हटलं.

तिनं हातातली सुई खाली ठेवली. पहिला प्रश्न, "डिकी उघरली का?"

मी मान डोलावली.

"मंग सांगू नको काय हाय ते. मी सांगते. तुजं लोक लिवून घेऊ दे."

इतकी वर्षं नोकरी करूनही ओळख पटवण्याची रीत आम्हाला शिकवावी लागायची, ती तिला उपजत ठाऊक होती. गाडी दाखवण्याआधी, दोन पंचांसमोर, तिनं जबाब दिला. या वेळी तिला कुणी तोडलं नाही. डिकीत चाकाखाली निळा रंग. होडीला लावून उरलेला. उजव्या कोपऱ्याला पोचेपर्यंत डबा संपला, म्हणून तेवढ्यात लाल, होडीच्या काठाचा. ब्रश जुना होता, त्याचे केस रंगात चिकटलेले आहेत, बघा. हे ब्रशच्या केसांचं आम्हीही पाहिलं नव्हतं. नंतर भिंग लावून पाहिलं तर दोन काळे केस रंगात घट्ट बसलेले होते.

मग तिला गाडीजवळ नेलं. काकाही आले होते, पंचनाम्याला सही करायला. तिनं बाहेरून गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागे गेली, वाकली आणि त्या लाल कोपऱ्यावर हात ठेवला. बराच वेळ तशीच उभी राहिली. नाकाला रुमाल लावणारा तो ठाणे अंमलदार टोपी काढून उभा होता.

मग ती माझ्याकडे वळली. "तवाच सांगलेला ना तुला?"

"हो मावशी. सांगितलं होतंत. मी लिहिलं नाही. चूक माझी."

ठाण्याच्या आवारात, शिपायांसमोर असं बोलायची मला सवय नव्हती. पण बोललो, आणि बोलल्यावर हलकं वाटलं.

न्यायालयाच्या परवानगीनं बंद फाईल पुन्हा उघडली, आरोपपत्र गेलं, आणि काही आठवड्यांनी हमीपत्रावर गाडी मावशीच्या ताब्यात मिळाली. काकांनी इंजिनाची झाडाझडती घेतली आणि तिच्याकडून मजुरी म्हणून दोन पापलेटं मान्य केली. निघताना भाच्यानं गाडी सुरू केली, तेव्हा मावशीनं मला विचारलं, "काका बोलले, तू ही गारी घेनार होतास. कुनासाठी रं?"

मी आईचं सांगितलं. पुढच्या सोमवारी दुपारी आमच्या क्वार्टर्सच्या आवारात हॉर्न वाजला. मावशी पुढच्या सीटवर, मागची सीट धुऊन त्यावर स्वच्छ चादर घातलेली. "आये, चल गं, बहिनीकडं सोरते," तिनं गाडीतूनच हाक मारली. आईला मी हात धरून बसवलं. मोगऱ्याचा वास उडाला होता आणि मासळीचा पुन्हा येऊ लागला होता. तरी आईनं खिडकी उघडली नाही, उलट लावून घेतली.

मी कधी गाडी घेतली नाही. पण त्यानंतर माझ्या हाताखाली लिहिल्या गेलेल्या एकाही फिर्यादीत विशेष खुणांच्या रकान्यात मी 'निरंक' चालू दिलं नाही. नव्या मुलांना सांगायचो, माणूस बोलता बोलता जिथं तुम्हाला कंटाळवाणा वाटायला लागतो, तिथं कागदावरून पेन उचलू नका. त्यांना वाटायचं साहेब म्हातारे झाले.

काका आता नाहीत, आईही नाही. क्वार्टर्सची ती जागाही ओळखू येत नाही इतकी बदलली. गिरगावला जाताना त्या दिवशी मावशीनं आईला सांगितलेलं आईनं मला संध्याकाळी सांगितलं होतं. रंगाचा डबा संपला तेव्हा मावशी नवऱ्याला म्हणाली होती, नवा निळा डबा आण, लाल कोपरा बरा दिसत नाही. त्यावर तो हसून म्हणाला होता, "अगं, डिकीत कोन बघतंय?"